घाईतली फुलं, सावकाश पेन्सिल: वसंताच्या तोंडावरची रानफुलं कशी काढावीत

ब्लडरूट नावाचं एक रानफूल आहे. पांढरंशुभ्र, आठ-दहा पाकळ्यांचं, आणि देठाभोवती एकच पान शालीसारखं लपेटलेलं. उमललं की दोन-तीन दिवसांत पाकळ्या गाळून मोकळं होतं. वारा-पाऊस आला तर त्याच्याही आधी. आणि तळहाताएवढं चित्र रंगीत पेन्सिलीनं नीट पुरं करायला मला दहा-बारा तास लागतात, तेही पाच-सहा बैठकांत. म्हणजे चित्र अर्ध्यावर असताना समोरचं फूल संपलेलं असतं.

वसंताच्या अगदी सुरुवातीला येणारी बहुतेक रानफुलं अशीच घाईतली. थंड प्रदेशातल्या पानगळीच्या जंगलात झाडांना पालवी फुटली की जमिनीवर सावली दाटते. त्याआधीच्या काही आठवड्यांतच ऊन थेट मातीपर्यंत उतरतं. तेवढ्या अवधीत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा जमिनीखाली गडप व्हायचं, असा अनेकांचा कारभार. वूड अ‍ॅनिमोन, ट्राउट लिली, लेसर सेलंडाइन ही त्यातलीच. स्नोड्रॉप, क्रोकस आणि हिपॅटिकाही याच सुमाराला दिसतात. रंगीत पेन्सिल मात्र चित्राच्या साधनांतलं सगळ्यात सावकाश साधन. ब्रशचा एक फटकारा जे काम करतो त्याला पेन्सिलीचे सात-आठ थर लागतात.

यावर उपाय एकच: काम दोन भागांत तोडायचं. फुलासमोर बसून फक्त तेवढंच टिपायचं जे उद्या असणार नाही. बाकीचं टेबलावर, निवांत. युक्ती जुनी आहे. फर्डिनांड बाउअर (१७६०–१८२६) हे वनस्पतिचित्रकार ब्रिटिश दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या १८०१मध्ये निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या सागरी मोहिमेवर होते. जागेवर ते नुसतं शिसपेन्सिलीचं रेखाटन करत आणि प्रत्येक भागावर रंगाचा आकडा टाकत. त्यांच्या सांकेतिक तक्त्यात सुमारे हजार छटांना क्रमांक होते. रंग भरायचं काम नंतर, इंग्लंडला परतल्यावर, वर्षानुवर्षं चाललं. आपल्याला हजार छटा नकोत. हातातली पेन्सिलींची पेटी हाच आपला तक्ता.

सामान

चाळीस-पन्नास पेन्सिली पुरतात, चोवीसातही भागतं. मेणाच्या बंधाच्या पेन्सिली (प्रिझ्माकलर प्रीमियर ही त्या जातीची) मऊ असतात, रंग भराभर सोडतात, पण टोक लगेच बोथट होतं. तेलाच्या बंधाच्या (पॉलिक्रोमॉससारख्या) थोड्या कडक, टोक धरून ठेवणाऱ्या. पाकळीवरच्या शिरा काढायच्या असल्यानं माझा कल दुसऱ्या जातीकडे आहे, पण दोन्ही एकाच चित्रात खुशाल वापरा.

कागदाच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. हॉट-प्रेस्ड (गरम दाबानं गुळगुळीत केलेला) जलरंगाचा कागद, ३०० जीएसएम म्हणजे चांगला जाड, गुळगुळीत बाजूचा. खरखरीत कागदाच्या खळग्यांत रंग पोचत नाही, पांढरे ठिपके उरतात आणि नाजूक पाकळी पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. अगदी आरशासारखा गुळगुळीत कागदही नको. त्यावर तिसऱ्या-चौथ्या थरानंतर पेन्सिल नुसती घसरते.

याशिवाय चांगला शार्पनर, मळता येणारा मऊ खोडरबर, कागदावरची पूड झटकायला रुंद मऊ ब्रश, शाई संपलेलं बॉलपेन, ट्रेसिंग पेपर, पट्टी किंवा डिव्हायडर, आणि एक छोटा आरसा. आरसा कशाला, ते पुढे येतंच.

फुलासमोरचा तास

फूल तोडू नका. ट्रिलियम किंवा ट्राउट लिली बीपासून पहिल्या फुलापर्यंत पोचायला कित्येक वर्षं घेतात. ट्रिलियमचं फूल देठासकट खुडलं तर त्याच्याखालची तीनही पानं जातात, आणि झाडाला पुढच्या वर्षाची शिदोरी साठवायला काही उरत नाही. शिवाय ब्लडरूटचा लालनारिंगी चीक आणि अ‍ॅनिमोनच्या कुळातल्या झाडांचा रस त्वचेला झोंबतो. तेव्हा खाली बसायला जाडसर काहीतरी घ्या आणि फुलाच्या पातळीवर या. उभ्यानं, वरून पाहून काढलेलं रानफूल नेहमी बशीसारखं दिसतं.

आता क्रम महत्त्वाचा. आधी ठेवण: देठ कुठून वळतो, फूल किती कललंय, पानं त्याच्या पुढे आहेत की मागे. यासाठी दोन मिनिटांची झटपट रेखाटनं तीन-चार करा. फूल मान फिरवतं, मिटतं, उघडतं. पहिली गोष्ट बदलते ती हीच. वूड अ‍ॅनिमोन तर ढग आले तरी पाकळ्या मिटून मान टाकतं.

मग मोजमाप. फुलाची रुंदी, देठाची उंची, पानाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. चित्र खऱ्या आकाराचं काढलं तर डिव्हायडरनं थेट कागदावर उतरवता येतं आणि प्रमाण चुकत नाही.

मग मोजदाद. स्नोड्रॉपला बाहेरच्या तीन मोठ्या पाकळ्या आणि आतल्या तीन आखूड. क्रोकसला सहा पाकळ्या आणि पुंकेसर मात्र तीनच. व्हायोलेटला पाच पाकळ्या, सगळ्यात खालची वेगळी, तिच्यावर गडद रेघा आणि मागे एक छोटी शेपटी. हिपॅटिकाच्या फुलामागे तीन हिरवी दलं असतात. मागून पाहिलं तर ती फुलाचाच भाग वाटतात, पण ती असतात किंचित खाली, देठावर. टेबलावर बसून आठवणीनं काढताना हे हमखास चुकतं, म्हणून आकडे जागेवरच लिहायचे.

चौथं काम रंगांचं, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. जाड पांढऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या. फुलाचा एकेक भाग निवडा: पाकळीचं टोक, मध्य, बुंधा, पाकळीची पाठ, पुंकेसर, देठाची वरची आणि खालची बाजू, कोवळं पान, जुनं पान. प्रत्येकासाठी पेन्सिली एकावर एक फिरवून छोटी चौकट रंगवा, पट्टी फुलाच्या शेजारी धरून ताडून पाहा आणि चौकटीखाली पेन्सिलींचे क्रमांक क्रमानं लिहा. आधी कोणती, वर कोणती हेही. क्रम बदलला की छटा बदलते. पट्टी आणि फूल दोन्ही एकाच उजेडात हवीत. फूल सावलीत आणि पट्टी उन्हात धरली तर सगळी मेहनत पाण्यात.

फोटो सगळ्यात शेवटी. आधी काढले की डोळा आळशी होतो, हा स्वानुभव. फुलामागे करडा कागद धरून समोरून, बाजूनं आणि मागून असे तीन तरी घ्या. आकारासाठी फोटोवर भरवसा ठेवा, रंगासाठी नाही. जांभळ्याला कॅमेरा बऱ्याचदा निळा करतो आणि पांढऱ्या पाकळीतल्या सगळ्या फिकट सावल्या जाळून टाकतो. पांढऱ्या फुलासाठी फोनवरचा उजेड मुद्दाम कमी करून एक जादा फोटो घ्या.

आणि आता आरसा. स्नोड्रॉपचं तोंड जमिनीकडे असतं. आत बघण्यासाठी लोक त्याची मान वर करतात आणि देठ मोडतो. त्याऐवजी खाली आरसा सरकवा. आतल्या पाकळ्यांवरच्या हिरव्या रेघा बसल्या जागी दिसतात.

कुंडीतलं झाड असेल तर घरात आणून काढता येईल, पण एक इशारा. मी एकदा क्रोकसची कुंडी टेबलावर ठेवली आणि नीट दिसावं म्हणून जुन्या पद्धतीचा, तापणारा दिवा जवळ ओढला. अर्ध्या तासानं मान वर केली तर फूल सताड उघडलेलं आणि माझ्या कागदावर अजून मिटलेली कळी. क्रोकस उबेनं उमलतो आणि गारव्यानं मिटतो. तेव्हा एलईडी दिवा वापरा, तोही लांबून, आणि खोली गार ठेवा.

रेखाटन कागदावर उतरवणं

पक्कं रेखाटन वेगळ्या साध्या कागदावर करा. खोडाखोड तिथेच होऊ दे. मग खिडकीच्या काचेवर किंवा लाइटबॉक्सवर ठेवून चांगल्या कागदावर छापून घ्या. शिसपेन्सिलीची रेघ रंगाच्या थराखाली अडकली की पुन्हा पुसता येत नाही आणि फिकट पाकळीची कड काळपट दिसते. म्हणून रेघ मऊ रबरानं थोपटत जेमतेम दिसेल इतकी उतरवा. पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांसाठी मी शिसपेन्सिल वापरतच नाही. फिकट करड्या किंवा त्या-त्या फुलाच्या रंगाच्या पेन्सिलीनंच कड काढते.

रंग भरण्याआधीचं आणखी एक काम पुष्कळजण विसरतात. हिपॅटिकाच्या देठावर बारीक रुपेरी लव असते. ती शेवटी पांढऱ्या पेन्सिलीनं काढू म्हणाल तर जमत नाही. रंगीत पेन्सिल पारदर्शक असते, फिकट रंग गडदावर झाकण घालत नाही. त्यामुळे लवेची जागा आधीच राखायची. कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं बारीक, वळणदार रेघा दाबून काढा. कागदात खाचा पडतात. नंतर वरून पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं रंग फिरवला की खाचा कोऱ्या राहतात आणि लव आपोआप उमटते. क्रोकसच्या पानावरची मधली पांढरी रेघ अशीच मिळते. आधी रद्दी कागदावर हात बसवून घ्या. जास्त दाबलं तर कागद फाटतो, कमी दाबलं तर काहीच दिसत नाही.

पांढरं फूल, पांढरा कागद

सगळ्यांची दांडी इथेच उडते, म्हणून स्नोड्रॉप सावकाश घेऊ.

पांढरी पाकळी रंगवायची नसते, तिच्या सावल्या रंगवायच्या असतात. उजेड डावीकडून वरून येतोय असं धरा. वनस्पतिचित्रांत हा रूढ संकेत आहे. आता कूल ग्रे (निळसर झाकेच्या करड्या) पेन्सिलीला सुईसारखं टोक करा, ती मागे, मधल्या भागाच्याही पलीकडे धरा, म्हणजे हाताचं वजन पडत नाही. पाकळीची उजवी बाजू, दोन पाकळ्यांमधली फट आणि पाकळी जिथे देठाखालच्या हिरव्या गाठीला मिळते तो भाग, एवढ्याच ठिकाणी अगदी बारीक गोलगोल फिरवत पहिला थर द्या. निम्म्याहून जास्त पाकळी कोरीच राहिली पाहिजे.

दुसरा थर फिकट निळसर जांभळ्याचा, करड्यावरच पण त्याच्या थोडा आत. नुसता करडा ठेवला तर फूल मळकं दिसतं. हिरव्या गाठीजवळ फिकट पोपटीचा स्पर्श, कारण हिरव्याची झाक पाकळीवर पडतेच. जिथे मागून ऊन पाकळीतून आरपार येतं तिथे क्रीम रंगाचं नखभर ऊबदार बोट. मग पाकळीच्या लांबीत धावणाऱ्या पुसट शिरा. त्या सलग काढल्या तर पाकळी पट्ट्यापट्ट्यांच्या कापडासारखी दिसेल, म्हणून तुटक, मध्येच विरणाऱ्या. आतल्या आखूड पाकळ्यांच्या टोकाची घोड्याच्या नालेसारखी हिरवी खूण शेवटी, नेमक्या कडेची.

कितपत गडद जायचं? कागदाच्या कोपऱ्यावर कोऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा पायऱ्यांची पट्टी काढा. स्नोड्रॉपची सर्वांत गडद सावलीही माझ्या हिशोबानं तिसऱ्या पायरीपुढे जाऊ नये. मग फूल उठून कसं दिसेल? मागच्या पानामुळे. स्नोड्रॉपची पानं राखाडी हिरवी असतात. फुलाच्या उजळ कडेला लागून एखादं पान मागून जाऊ द्या आणि तिथे ते चांगलं सहाव्या-सातव्या पायरीपर्यंत गडद करा. जिथे मागे पान नाही, नुसता कागद आहे, तिथे कड पूर्ण बंद करू नका. एखाद-दुसऱ्या जागी रेघ तुटू द्या. बघणाऱ्याचा डोळा ती जोडून घेतो. सगळीकडून सारखी रेघ मारलेलं पांढरं फूल कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं वाटतं.

वूड अ‍ॅनिमोन किंवा ब्लडरूटलाही हीच रीत. अ‍ॅनिमोनच्या पाकळ्यांच्या पाठीवर बऱ्याचदा गुलाबी-जांभळी झाक असते. मागून दिसणारं एखादं फूल चित्रात घेतलंत तर पांढऱ्यापांढऱ्यात जरा सुटका होते.

निळी-जांभळी

हिपॅटिकाचा रंग एका पेन्सिलीत मिळत नाही आणि मिळाला तरी घेऊ नका, सपाट दिसतो. आधी पूर्ण पाकळीवर फिकट लव्हेंडर, टोकाकडून बुंध्याकडे. त्यावर अल्ट्रामरीन, पण कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत विरत. सावलीत जांभळा, आणि एखाद्या पाकळीच्या वळणावर किंचित मॅजेंटा. रेघांची दिशा नेहमी पाकळीच्या लांबीत, शिरा धावतात तशी. आडव्या रेघा मारल्या की पाकळी पिंपासारखी गोल होते. पुंकेसर फिकट असतात, तेव्हा ते आधी कोरे सोडून भोवतीनं जांभळा आणा. हे काम कंटाळवाणं आहे. प्रत्येक पुंकेसर मोजून सोडायची गरज नाही. पुढचे सात-आठ स्पष्ट, मागचे गर्दीत.

व्हायोलेटच्या खालच्या पाकळीवरच्या गडद रेघा मात्र शेवटच्या थरात, ताज्या टोकानं, एका झटक्यात ओढा. बुंध्याशी जाड, टोकाकडे केसासारख्या.

पिवळं

लेसर सेलंडाइन वार्निश लावल्यासारखं चमकतं. चमक म्हणजे कोरा कागद. तेव्हा पाकळीवरचे पांढरे कवडसे आधी हेरा आणि त्यांना हात लावू नका. त्यांची कड धारदार ठेवा, मऊ केली की चमक गेली. बाकी भागावर लेमन यलो, त्यावर गडद पिवळा, सावलीत गेरू, आणि अगदी खोल जागी जांभळट करड्याचा हलका हात. काळा चुकूनही नको, पिवळ्यावर काळा हिरवट होतो. आणि प्रत्येक वेळी पिवळ्या पेन्सिलीचं टोक रद्दी कागदावर घासून घ्या. आधी हिरव्यावरून फिरवलेली असेल तर तो हिरवा टोकाला चिकटून राहतो आणि नेमका सगळ्यात उजळ पाकळीवर उतरतो.

पानं, देठ आणि खालचा पाचोळा

पेटीतला हिरवा जसाच्या तसा वापरला की पान प्लॅस्टिकचं होतं. कोवळ्या पानाला खाली पोपटी, वर ऑलिव्ह, आणि तिसरा थर चक्क तांबड्या-तपकिरी रंगाचा, पण श्वासाइतका हलका. हिरव्याला वठणीवर आणायला लाल लागतो. स्नोड्रॉपच्या राखाडी पानासाठी खाली फिकट निळा आणि करडा, त्यावर मातकट हिरवा, सावलीत इंडिगो. हिपॅटिकाची गेल्या वर्षीची तीन पाळ्यांची पानं हिवाळाभर टिकून तांबूस-जांभळी झालेली असतात. ती वगळून नुसती ताजी फुलं काढण्याचा मोह होतो, पण निळ्याला उठाव देतात ती हीच पानं. सेपिया, गडद तांबडा आणि ऑलिव्ह एकावर एक चढवा.

देठ म्हणजे नळी. एका कडेला उजेड, त्याच्या विरुद्ध बाजूला सावली, पण सावली अगदी कडेवर न ठेवता किंचित आत. कडेला पुन्हा बारीकसा उजेड. फुलाच्या लगेच खाली देठावर फुलाची सावली पडते, ती विसरलात तर फूल हवेत तरंगतं.

पाचोळा थोडाच दाखवा. दोन-तीन वाळकी पानं, त्यातलं एकच नीट. सगळा पाचोळा तितक्याच बारकाईनं काढला तर फूल हरवतं, आणि हे मी दोन चित्रं वाया घालवून शिकले.

घासून चकाकी

थर पुरेसे झाले की फिकट किंवा बिनरंगी पेन्सिलीनं जोर देऊन घासलं तर रंग एकजीव होतात आणि चकाकी येते. याला बर्निशिंग म्हणतात. ते शेवटी, आणि सेलंडाइनची पाकळी किंवा चकचकीत पान असेल तरच. एकदा घासलं की कागदाचा पोत भरून जातो आणि पुढचा थर बसत नाही. स्नोड्रॉपला याची गरज कधीच पडत नाही.

चित्र झालं वाटलं की फोनवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. फूल आणि मागचं पान एकाच करड्या रंगात मिसळलं असेल तर पान आणखी गडद हवंय. कागदावरची रंगाची पूड ब्रशनंच झटका. हातानं पुसली तर पांढऱ्या पाकळीवर फराटा ओढला जातो. मेणाच्या पेन्सिलीचे गडद, जाड थर काही दिवसांनी धुरकट दिसू लागतात. ते मेण वर आलेलं असतं. मऊ कापडानं हलकेच टिपून मग फिक्सेटिव्हचे (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या द्रावाचे) पातळ फवारे द्या, उघड्या हवेत.

गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींपैकी काही उजेडात फिक्या पडतात. आपल्या पेटीतल्या कोणत्या, ते घरीच तपासा: प्रत्येकीचा एक पट्टा कागदावर ओढा, निम्मा भाग पुठ्ठ्यानं झाका आणि दोन-तीन महिने खिडकीत ठेवा. ज्यांचा उघडा भाग उडाला त्या हिपॅटिकासाठी वापरू नका.

फुलाशेजारी रंगवलेली पट्टी फेकू नका. तारीख टाकून ती चित्राच्या मागे पाकिटात ठेवा. पुढच्या वर्षी तेच फूल पुन्हा वर आलं की चौथं काम आधीच झालेलं असतं, आणि तो तास ठेवण नीट बघायला मिळतो.